प्लेटलेट उतरल्यावर गोळी, सुई की सलाइन?

डिचोलीहून एका सुनेने विचारलं आहे. सासरे चौसष्ट वर्षांचे. फुफ्फुसाचा कॅन्सर, जेमसिटाबिन आणि कार्बोप्लाटिन ही केमो चालू. दुसऱ्या सायकलनंतर प्लेटलेट २८,००० वर आल्या. रक्त कुठूनही जात नाही, ताप नाही. डॉक्टरांनी पुढची केमो लांबवली, दोन दिवसांनी पुन्हा काउंट करायला सांगितलं आणि घरी पाठवलं. घरात त्यावरून वाद पेटलाय. सलाइनमधून औषध का दिलं नाही? प्लेटलेट वाढवायचं इंजेक्शन असतं म्हणे, ते का नाही? गोळ्याही मिळतात, त्या कुठल्या? पपईच्या पानांच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: सासऱ्यांची कंबर दुखतेय, गावातले डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणतात, घ्यावं का?

मी कॅन्सरच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, ते अंगात पोचवायचं काम आमच्या हातांचं. त्यामुळे कुठला मार्ग कशासाठी, हा रोजचा विषय आहे. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न दोन दिवस थांबू शकतात, हा थांबणार नाही.

कमरेत इंजेक्शन घेऊ नका. काउंट वर येईपर्यंत नाहीच. कमरेतलं किंवा दंडातलं इंजेक्शन स्नायूत खोल जातं. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि सुई आत जाताना त्यातल्या काही फुटतातच. निरोगी माणसाच्या अंगात प्लेटलेट लगेच धावून येऊन ती भोकं बुजवतात, आपल्याला कळतसुद्धा नाही. २८,००० वर हे बुजवणं ढिलं पडतं. रक्त आतल्या आत झिरपत राहतं, आणि जागा खोल असल्यामुळे वरून कितीही दाबलं तरी तिथवर दाब पोचत नाही. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा काळानिळा, कडक गोळा धरतो, पाय टाकवत नाही. या केमोत पांढऱ्या पेशीही बहुधा उतरलेल्या असतात, तेव्हा साचलेल्या त्या रक्तात पू व्हायला वेळ लागत नाही.

शिवाय कंबरदुखीवर सर्रास टोचलं जाणारं औषध म्हणजे डायक्लोफेनॅक. ते उरल्यासुरल्या प्लेटलेटचंही काम मंदावतं आणि जठराचं अस्तर दुखावतं. म्हणजे मार्गही चुकीचा आणि औषधही. गोळी म्हणून पोटात घेतलं तरी तोच धोका. इबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन त्याच रांगेतली. मेडिकलमध्ये 'अंगदुखीची गोळी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला यातलंच एखादं असतं, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. सासऱ्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी एखादी गोळी आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, पण आजच फोन करून केमोच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. ५०,००० च्या खाली तो निर्णय नव्याने घ्यावाच लागतो.

'ताकदीचं' म्हणून दिलं जाणारं बी-१२ चं इंजेक्शनही स्नायूतलंच असतं. ते या आठवड्यात मिळालं नाही तर काही बिघडत नाही. खिळा लागल्यावर घ्यायचं टीटी मात्र खरंच लागणार असेल तर टाळायचं नाही. आधी केमोच्या डॉक्टरांशी बोलून, बारीक सुईने घ्यायचं, आणि नंतर जागा अजिबात न चोळता चांगली पाचेक मिनिटं दाबून धरायची.

गावातल्या डॉक्टरांसमोर काउंटचा कागद नसतो, म्हणून ते सवयीचं औषध काढतात. यावर साधा उपाय आहे. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: 'केमो चालू आहे. प्लेटलेट २८,०००. स्नायूत इंजेक्शन नको. डायक्लोफेनॅक, इबुप्रोफेन नको. गुदमार्गाने औषध नको.' खाली तारीख आणि डे-केअरचा फोन नंबर. ही चिठ्ठी सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात राहू द्या. तुम्ही बरोबर नसताना ते एकटे दवाखान्यात जाऊ शकतात, आणि तुमची सगळी काळजी त्या चिठ्ठीने घ्यायची आहे.

पण कंबरेबद्दल मला आणखी एक सांगायचंय. फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या माणसाची कंबर किंवा पाठ नव्याने दुखू लागली, तर ते दुखणं नुसतं मारून टाकायचं नसतं, ते का आलं ते बघायचं असतं. हा कॅन्सर मणक्यात उतरू शकतो. दुखणं रात्री आडवं झाल्यावर वाढतं का, पायात जोर कमी वाटतो का, पाय बधिर होतात का, लघवी-शौचावरचा ताबा बदललाय का, हे आजच विचारा. यातलं काहीही असेल तर परवाच्या काउंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जूवर दाब आलेला असेल तर तासांनी फरक पडतो.

तसं काही नसेल तर दुखणं कमी करायला सुईशिवाय वाटा आहेत. पॅरासिटामॉलची गोळी चालते, फक्त घेण्याआधी काखेत थर्मामीटर लावून ताप बघायचा, कारण ही गोळी ताप झाकते आणि केमोतला ताप आम्हाला झाकलेला नको असतो. ती पुरली नाही तर डॉक्टर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या गोळ्या देतात. ज्यांना गिळताच येत नाही त्यांच्यासाठी त्वचेवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच असतो. पॅच लावलेला असताना तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध एकदम जास्त आत जातं. आपल्याकडे कंबर दुखली की पिशवी आधी निघते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता मूळ वाद. गोळीपेक्षा सुई जोरदार आणि सुईपेक्षा सलाइन जोरदार, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. सलाइन लावलं नाही म्हणजे काही केलंच नाही, असं पेशंटलाही वाटतं. प्लेटलेटच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. प्लेटलेट हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात आणि रक्तात आठ-दहा दिवस जगतात. केमोने मगज थोडे दिवस दबतो, जुन्या प्लेटलेट संपत जातात, नव्या येत नाहीत, म्हणून काउंट घसरतो. मगज सावरला की तो आपसूक चढतो. शिरेतून सोडलं आणि मगज त्याच दिवशी जागा झाला, असं औषध अस्तित्वातच नाही. ग्लुकोजच्या सलाइनने प्लेटलेट वाढत नाहीत, व्हिटॅमिनच्या सलाइननेही नाहीत.

शिरेतून देण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे दुसऱ्याच्या प्लेटलेट. त्या दोन प्रकारे मिळतात. एका रक्तदात्याच्या नेहमीच्या रक्तदानातून वेगळी काढलेली लहान पिशवी, तिला आम्ही आरडीपी म्हणतो. मोठ्या माणसाचा काउंट तिने साधारण ५ ते १० हजारांनी वाढतो. दुसरी एसडीपी, म्हणजे एकाच दात्याला मशीनवर बसवून फक्त प्लेटलेट काढून घेतलेली मोठी पिशवी. तिने ३० ते ५० हजारांची वाढ अपेक्षित असते. ही वाढ टिकते मात्र दोन-तीन दिवस. पेशंटला ताप असेल, प्लीहा मोठी झालेली असेल, तर त्याहूनही कमी.

मग २८,००० ला ती पिशवी का लावली नाही? कारण रक्त जात नसेल आणि ताप नसेल, तर केमोच्या पेशंटला १०,००० च्या खाली गेल्यावर पिशवी देतात. पूर्वी ही रेघ २०,००० वर होती. १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत दिसलं की ती १०,००० वर आणली तरी मोठा रक्तस्राव वाढत नाही, आणि जगभर नियम बदलले. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर आधीच देतात. एखादी मोठी प्रक्रिया करायची असेल तर ५०,००० च्या आसपास आणून ठेवतात, मेंदूच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनला १ लाखापर्यंत. आणि रक्त खरोखर वाहत असेल तर आकडा बघत बसत नाहीत. सासऱ्यांना गरज नसताना पिशवी न लावण्यात कंजुषी नाही. दर पिशवीबरोबर परक्याच्या पेशी अंगात जातात, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला शिकू शकतं, आणि मग खरी गरज पडते त्या दिवशी चढवलेल्या प्लेटलेट तासाभरात नाहीशा होतात. असे पेशंट आम्ही सांभाळतो. त्यांच्यासाठी जुळणारा दाता शोधताना सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

पिशवी लागलीच, तर घरच्यांनी काही गोष्टी बघून ठेवाव्यात. प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. रक्तपेढीत त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या ट्रेवर असतात आणि साधारणपणे पाच दिवस टिकतात. बांबोळीहून गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रक्तपेढीतून किंवा दुसरीकडून पिशवी घेऊन खासगी हॉस्पिटलकडे निघालेले नातेवाईक मी पाहिलेत, मासळीला ठेवतात तशी बर्फाच्या डब्यात ठेवलेली पिशवी छातीशी धरून. त्यांचा जीव तुटत असतो, पण बर्फात त्या प्लेटलेट निकामी होतात. बर्फ नको, गाडीच्या डॅशबोर्डवर ऊनही नको. पिशवी हातात घेऊन सरळ या, वाटेत कुठे थांबू नका.

पिशवी आल्यावर आम्ही ती उजेडासमोर धरून हलकेच हलवतो. चांगल्या प्लेटलेट असल्या की आत रेशमी भोवरा फिरल्यासारखा दिसतो. भोवरा दिसला नाही, गुठळ्या दिसल्या किंवा रंग विचित्र वाटला, तर ती परत जाते. नाव, नंबर, रक्तगट दोन जणांनी मिळून ताडून बघायचा असतो; सिस्टर तसं करताना तिला घाई करू नका. रक्ताच्याच गाळणीच्या सेटमधून, साधारण अर्ध्या ते एका तासात पिशवी जाते. त्याच नळीतून नॉर्मल सलाइनशिवाय दुसरं काही सोडत नाहीत. हातातली सुई चालते, केमोसाठी बसवलेला छातीतला पोर्ट किंवा दंडातली पिक लाइन ही नळीही चालते. पहिल्या पंधरा मिनिटांत थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या, खाज आली, श्वास लागला, की लगेच सांगायचं. 'सहन होतंय' म्हणून गप्प बसणारी आपली वडीलधारी माणसं असतात, म्हणून शेजारी कुणीतरी बसा. काही पेशंटना, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार दबलेली असते त्यांना, किरणोत्सर्ग दिलेल्या पिशव्या लागतात. ते फाइलवर लिहिलेलं असतं, आणि फाइल दुसऱ्या हॉस्पिटलात नेताना ती नोंद दाखवायला विसरू नका.

आता इंजेक्शन. इथे एक मोठा घोळ आहे. केमोनंतर पोटावर त्वचेखाली घेतात ते 'पेशी वाढवायचं इंजेक्शन' बहुतेक घरांना माहीत असतं. ते फिलग्रास्टिम किंवा त्याचं लांब पल्ल्याचं रूप. ते पांढऱ्या पेशींसाठी आहे. प्लेटलेट त्याने वाढत नाहीत. शेजारच्या पेशंटला पोटावर इंजेक्शन मिळालं आणि आमच्या माणसाला नाही, म्हणून वॉर्डात भांडणं झालेली आहेत. त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं की त्या दोघांच्या वेगवेगळ्या पेशी उतरलेल्या असतात.

प्लेटलेटसाठी त्वचेखालची औषधं खरंच आहेत. अमेरिकेत १९९७ साली केमोमुळे उतरणाऱ्या प्लेटलेटसाठी ओप्रेलव्हेकिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. रोज टोचायचं होतं, अंगात पाणी साठायचं, हृदयाचे ठोके बिघडायचे. ते आता तिथल्या बाजारात नाही. दुसरं रोमिप्लोस्टिम. हे आठवड्यातून एकदा त्वचेखाली देतात. मगजातल्या प्लेटलेटच्या जन्मदात्या पेशींना ते जागं करतं. त्याची मूळ मान्यता आयटीपी या वेगळ्या आजारासाठी आहे, ज्यात शरीर आपल्याच प्लेटलेट मारतं. केमोच्या पेशंटमध्ये डॉक्टर ते निवडून, विचार करून वापरतात. आतड्याच्या आणि पचनमार्गाच्या कॅन्सरमध्ये केमो वेळेवर चालू ठेवायला त्याचा उपयोग झाल्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले आहेत, त्यामुळे त्याचा वापर पुढे वाढेल असं मला वाटतं.

तरी ते आज सासऱ्यांना का नाही? कारण त्याचा परिणाम दिसायला साधारण आठवडा जातो, आणि तेवढ्या दिवसांत त्यांचा मगज स्वतःच उभा राहण्याची शक्यता भरपूर आहे. आज टोचून परवाच्या काउंटमध्ये फरक मागणं म्हणजे लावणी केल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात कणसं बघायला जाण्यासारखं. ही औषधं त्यांच्यासाठी, ज्यांच्या प्लेटलेट आठवड्यामागून आठवडे वर येत नाहीत किंवा दर सायकलला केमो अडवतात. या औषधांना एक दुसरी बाजूही आहे. कॅन्सरमध्ये आधीच शिरांत गुठळ्या होण्याचा कल असतो, आणि प्लेटलेट गरजेपेक्षा वर गेल्या तर तो वाढू शकतो. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये तर ती टाळलेलीच बरी. त्यामुळे व्हॉट्सॲपवर नाव वाचून मेडिकलमध्ये चौकशी करण्यासारखं हे औषध नाही.

त्वचेखालचं कोणतंही इंजेक्शन मात्र कमी प्लेटलेटमध्ये बहुतेक वेळा देता येतं, कारण सुई बारीक आणि उथळ असते आणि जागा वरून दाबता येते. आम्ही पोटावर, बेंबीपासून थोडं दूर, दर वेळी जागा बदलून देतो, आणि नंतर पाच मिनिटं दाबून ठेवतो. चोळत नाही. घरी देणारे सून-मुलगे सवयीने कापसाने चोळतात आणि पोटावर निळे डाग उठतात. कापूस ठेवा, बोट ठेवा आणि घड्याळ बघा.

गोळ्या. एल्ट्रोम्बोपॅग ही रोमिप्लोस्टिमच्याच कामाची, पण तोंडाने घ्यायची. हीही आयटीपी आणि मगज सुकण्याच्या एका आजारासाठी मान्य असलेली. केमोतल्या वापराची बात डॉक्टरांच्या निर्णयाची. पण कुणाला ती सुरू झालीच, तर तिची एक अट काटेकोर पाळावी लागते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांना ती पोटातच चिकटते आणि मग रक्तात पोचतच नाही. म्हणून दूध, दही, चीज, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं पातळ औषध, यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर ती घ्यायची. आपल्याकडे याचा अर्थ असा की सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर नाही. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून प्रेमाने केलेल्या तिजानाबरोबरही नाही, कारण नाचणीत कॅल्शियम भरपूर. काट्यासकट चावून खाल्लेल्या सुक्या मासळीबरोबर नाही. पहाटे उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घेऊन चहा दोन तासांनी, हे बहुतेकांना जमतं. महागाची गोळी महिनाभर चहाबरोबर घेऊन 'गुणच येत नाही' म्हणणारे पेशंट येतात. वेळ बदलली की काउंट हलतो. यकृताच्या तपासण्याही मधेमधे कराव्या लागतात.

ॲव्हाट्रोम्बोपॅग नावाची आणखी एक गोळी आहे. ती उलट जेवणाबरोबर घेतात, दुधाचं तिला वावडं नाही. पण केमोमुळे उतरलेल्या प्लेटलेटवर तिची मोठी चाचणी झाली तेव्हा औषध न घेतलेल्यांपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. म्हणजे एकाच कुळातलं औषध असलं तरी 'सुई काय, गोळी काय, सारखंच' असं म्हणता येत नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या कुणीतरी सुचवील. त्या आयटीपीत उपयोगी, कारण तिथे शरीराचा हल्ला थांबवायचा असतो. केमोने दबलेल्या मगजाला त्यांचा उपयोग नाही, उलट साखर चढते आणि जंतुसंसर्ग झाकला जातो.

एक औषध प्लेटलेट न वाढवताही रक्त थांबवायला मदत करतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. झालेली गुठळी लवकर विरघळू न देणं हे त्याचं काम. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून १० मिलिलिटर पाण्यात कालवून, ते पाणी तोंडात दोन मिनिटं धरून थुंकायला सांगतो, दिवसातून चार वेळा. जिथून रक्त येतंय तिथेच औषध पोचतं, बाकी अंगात फारसं जात नाही. मला हा मार्ग फार आवडतो. गोळी म्हणून किंवा शिरेतूनही ते देतात. मात्र लघवीतून रक्त जात असेल तर मनाने मुळीच घेऊ नका, आत गुठळी होऊन लघवी अडते. आणि रक्त जात नसताना आधीच खबरदारी म्हणून दिलं तर रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये रक्तस्राव कमी झाला नाही, असं मोठ्या चाचणीत दिसलं आहे. तेव्हा सासऱ्यांना आज त्याची गरज नाही.

गुदमार्गाबद्दल वर चिठ्ठीत लिहिलं, त्याचं कारण सांगते. सपोझिटरी, एनिमा, तिथून ताप बघायचा थर्मामीटर, हे सगळं काउंट कमी असताना बंद. तिथलं अस्तर नाजूक, जंतू असंख्य. एक ओरखडा उठला तर रक्तही जातं आणि जंतूही रक्तात शिरतात. दुखण्याच्या कडक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि घरात लगेच एनिमाची बाटली येते. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजसारखं पातळ औषध गोळीबरोबरच सुरू करा. कुंथायची वेळच येऊ देऊ नका.

पपईची पानं. पावसाळ्यात डेंग्यू पसरला की गोव्यात पपईची झाडं बोडकी होतात, हे दर वर्षीचं. डेंग्यूत या पानांच्या अर्काचे काही छोटे अभ्यास झालेत आणि कॅप्सूल बाजारात आल्या. पण डेंग्यूत प्लेटलेट काही दिवसांनी आपोआप वर येतातच, त्यामुळे श्रेय कुणाचं हे ठरवणं कठीण. केमोने मगज दबला असेल तर त्या पानांनी तो उठतो, याला आधार नाही. कच्च्या पानांचा घरी काढलेला रस तर नकोच: कडू असल्याने उलट्या होतात, उलटीच्या जोराने डोक्यातला आणि डोळ्यांतला दाब वाढतो, आणि न उकळलेल्या पाल्याबरोबर जंतू जातात. अमृतवेलीचा, म्हणजे गुळवेलीचा काढाही बंद ठेवा. त्याने यकृताला इजा झाल्याचे पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि केमोच्या काळात यकृत आधीच कामाला जुंपलेलं असतं. तुम्ही काही सुरू केलं असेल तर लपवू नका, फक्त सांगा. आम्ही रागावत नाही, आम्हाला माहीत असणं गरजेचं असतं. आणि केमोच्या पेशंटला पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूचीही तपासणी करून घ्या. दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात.

खाण्यात पेज, मऊ भात, नीट शिजवलेलं काहीही. पदेराच्या उंड्याचं, म्हणजे बेकरीतल्या गोल पावाचं कडक कवच काही दिवस बाजूला ठेवा, ते हिरडी सोलतं. आतला मऊ भाग आमटीत बुडवून चालेल. काट्याची मासळी कुणीतरी निवडून द्या. ब्रश मऊ, दाढी ब्लेडने नाही, दारू नाही.

तुमच्या रिपोर्टबद्दल एक छोटी गोष्ट. काही लॅब २८,००० असं लिहितात, काही ०.२८ लाख. दशांश चिन्ह नजरेतून सुटतं आणि घरात रडारड होते किंवा उलट, गाफीलपणा येतो. कागद मोबाईलवर पाठवताना पूर्ण ओळ दिसेल असा फोटो काढा. आणि काउंट अचानक, कारण नसताना फारच कमी आला, अंगावर एकही डाग नाही, तर कधी कधी नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट चिकटून मशीनला कमी दिसतात. तेव्हा स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री करतात.

आजपासून परवापर्यंत लक्ष कशावर ठेवायचं? रोज संध्याकाळी उजेडात पायांच्या नडग्या बघा, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके वाढतायत का. नाकातून रक्त आलं तर मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं सलग चिमटीत धरायचा. तरी थांबलं नाही तर निघायचं. काळी चिकट शौच, लाल लघवी, उलटीत रक्त, एकाएकी भयंकर डोकं दुखणं, बोलणं अडखळणं, नजर अंधुक होणं, किंवा १००.४ फॅरनहाइटचा ताप, यातलं एकही असेल तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा. तोवर काहीही गोळी देत बसू नका. ॲम्ब्युलन्सवाल्यांना पहिलं वाक्य सांगायचं, केमो चालू आहे आणि प्लेटलेट २८,००० आहेत.

परवाचा काउंट वर आलेला असेल, ३५ असो की ५० हजार, तर मगज उठलाय असं समजा आणि थांबा. केमो बहुतेक वेळा १ लाखाच्या आसपास आल्यावर पुढे नेतात. हा काउंट खाली गेला आणि १०,००० ला टेकला तर पिशवी लागेल. त्यासाठी त्याच रक्तगटाचे, पन्नास किलोच्या वर वजनाचे, तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेले दोन-तीन दाते आजच बोलून ठेवा. डॉक्टरांना एवढं विचारा की पुढच्या सायकलला कार्बोप्लाटिन किंवा जेमसिटाबिनचा डोस कमी करणार का, की दोन सायकलमधलं अंतर वाढवणार. बऱ्याच पेशंटमध्ये प्लेटलेटवरचा खरा उपाय हाच असतो, आणि तो कुठल्याच मार्गाने अंगात सोडावा लागत नाही. डोस थोडा उतरवला म्हणजे उपचार सोडले असं सासऱ्यांना वाटू शकतं. ते तिथे समोर असतानाच डॉक्टरांच्या तोंडून हे त्यांना ऐकवा.